फैजपूरच्या सरांना: नव्या सायकलीत पैसे कुठे घालायचे

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीचं समजलो असेन तर कळेल. तुम्ही फैजपूरला राहता, शाळा यावलला. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने रोज २५-३० किलोमीटरची ये-जा आणि रविवारी सातपुड्यातल्या पालची चढण. शेवटची सायकल २००९ साली घेतलेली. आता ७० हजार बाजूला काढलेत. तेवढ्याच पैशात पुण्याचा मित्र पाच वर्षं वापरलेली कार्बनची, इलेक्ट्रॉनिक गिअरची सायकल देतोय. ती घ्यावी की नवी? नवी घेतली तर ट्यूबलेस, डिस्क ब्रेक वगैरे जे सांगतात त्यातलं आपल्याकडे टिकतं काय? आणि ७१ वर्षांच्या वडिलांना केळीच्या शेतात जायला ई-सायकल द्यावी का?

मित्राची सायकल घेऊ नका. कारण पुढे येईलच, पण आधी टायरबद्दल बोलू. आपल्या भागात सायकलीचं बरंवाईट चाकापासूनच ठरतं.

माझं दुकान जळगावात. वडिलांच्या वेळी ते पंक्चरचं आणि भाड्याच्या सायकलींचं होतं. लहानपणी माझं काम एकच, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते दाखवायचं. त्या घमेल्यापाशी बसून एक गोष्ट कळली. खानदेशात पंक्चरचे दोन हंगाम असतात. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात, आणि सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतोच. मग फेब्रुवारीपासून शेतकरी कुंपणाला बाभळीच्या काट्या वाहतात, त्या गाडीतून रस्त्यावर सांडतात. वेडी बाभूळ तर आता नाल्यानाल्याला माजली आहे. तिचा काटा लाकडी, ताठ, टायरमध्ये शिरला की टोक आत मोडतं. पंक्चर काढून निघालं की त्याच टोकाने दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. दोष पंक्चरवाल्याला मिळतो.

म्हणून २००९ नंतर आलेल्या सगळ्या नवलाईत तुमच्या उपयोगाची पहिली गोष्ट ट्यूबलेस. तशी ती तेव्हाही होती. माव्हिक या चाकांच्या कंपनीने हचिन्सन आणि मिशेलिन या टायर कंपन्यांना बरोबर घेऊन १९९९ साली डोंगरी सायकलींसाठी तिची पद्धत आणली. पण आपल्यासारख्यांच्या आवाक्यात ती गेल्या काही वर्षांत आली. यात ट्यूब नसते. रिमवर हवाबंद टेप, टायरची कड रिमला घट्ट बसलेली, आणि आत चाकामागे साधारण ६० ते ८० मिली पातळ लॅटेक्सचा द्रव. सीलंट म्हणतात त्याला. काटा शिरतो, तुम्ही तो उपटता, फुस्स आवाज होतो, भोकातून रुईच्या चिकासारखं पांढरं काहीतरी दोन-तीन थेंब बाहेर येतं. चाक फिरवून भोक खाली आणायचं. पाच-सात सेकंदांत चीक गोठतो, आवाज थांबतो, तुम्ही पुढे निघता. पहिल्यांदा हे पाहिलेला माझा एक अमळनेरचा गिऱ्हाईक चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “हाई काय शे भो?” त्याला वाटलं टायर झाडासारखा रडतोय.

पण हा चीक आपल्या उन्हात आटतो, हे विकणारा सांगत नाही. थंड मुलखातल्या हिशेबाने डब्यावर चार-सहा महिने लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माझ्या दुकानात येणाऱ्या चाकांत एप्रिल-मेमध्ये भरलेलं सीलंट दीड-दोन महिन्यांत रबराची साय होऊन टायरला चिकटलेलं सापडतं. त्यामुळे चाक काढून कानाशी हलवायची सवय लावा. खळखळ ऐकू आली तर ठीक. नाही आली तर व्हॉल्व्हची कोर, म्हणजे आतली काडी, काढून बारीक नळीने नवं भरा. मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये घालतात ते जाड जेल मात्र यात घालू नका. ते सायकलीच्या बारीक भोकात नीट बसत नाही आणि चाक दगडासारखं जड करतं.

भोक मोठं असेल, काचेने चिरलं असेल, तर चीक पुरत नाही. त्यासाठी रबराची चिकट दोरी येते, सुईने भोकात खुपसायची. गाड्यांच्या ट्यूबलेसला वापरतात तीच कल्पना, फक्त बारीक. आणि तेही जमलं नाही तर सोबत एक टीपीयूची ट्यूब ठेवा. हेही नवंच आहे. नेहमीच्या काळ्या रबराऐवजी पातळ प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची, मुठीत मावते. तिला आपलं नेहमीचं सोल्युशन आणि पॅच चालत नाही, तिचा वेगळा पॅच मिळतो. रोज वापरायला मी सुचवत नाही, अडीअडचणीला पिशवीत असू द्या.

टायरची रुंदी. २००९ मध्ये वेगाची सायकल म्हणजे २३ मिलीमीटर टायर आणि ठणठणीत हवा असं आपण मानत होतो. तो समज शर्यतींमध्येही मोडला, तिथे आता २८ आणि त्याहून रुंद टायर चालतात. खडबडीत रस्त्यावर टणक टायर उसळतो, आणि तुम्हाला वर उचलण्यात जी ताकद जाते ती पुढे जायला मिळत नाही. तुमच्या रस्त्याला ३८ ते ४२ मिलीमीटर घ्या, हवा ४० ते ४५ पीएसआय, वजनाप्रमाणे थोडी कमी-जास्त. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून “भरली दगडासारखी” म्हणेल, त्याला हात लावू देऊ नका. उन्हाचा हिशेबही धरा. सकाळी ३० अंशांत ८० पीएसआय भरलेला टायर उन्हात उभा राहून ६० अंशांवर तापला की आतला दाब ९० च्या जवळ जातो. दुपारी शाळेच्या पटांगणात उभी केलेली सायकल फटाक्यासारखी फुटते, ती अशी. रुंद टायरमध्ये मुळात दाबच कमी, तेव्हा धोकाही कमी.

याच ठिकाणी मित्राची कार्बन सायकल बाद होते. त्या जातीच्या जुन्या सायकलींत सहसा रुंद टायर बसत नाही. जूनमध्ये शेतरस्त्याला लागलात की काळी माती टायरला लगदा होऊन चिकटते आणि चिमट्याच्या आणि टायरच्या मधल्या अरुंद जागेत घट्ट बसते. चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नव्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यालाही चालणाऱ्या) किंवा हायब्रिड सायकलीत ही जागा मोकळी सोडलेली असते. दुकानात बघताना टायरच्या दोन्ही बाजूंनी तुमची करंगळी सहज जाते का ते बघा. मडगार्ड लावलात तर तो पहिल्या पावसाआधी काढता येईल असा हवा.

एक फसगत हमखास होते, म्हणून सांगून ठेवतो. गावाकडच्या दुकानात “२८ चा टायर” मागितलात तर काळ्या सायकलीचा २८ × १½ मिळेल. त्याचं रिमवरचं माप ६३५ मिलीमीटर. तुमच्या नव्या ७०० सी चाकाचं ६२२. दोन्हींवर २८ लिहिलेलं असू शकतं, बसत मात्र नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ४०-६२२ असं छापलेलं असतं, तेच वाचा. डोंगरी सायकलीचं २९ इंचीसुद्धा ६२२ च आहे, ते चालून जातं.

आता ब्रेक. डिस्क ब्रेकला मी बराच काळ नाक मुरडत होतो. शर्यतीच्या रोड सायकलींना सायकलिंगच्या जागतिक संघटनेनेही चाचण्या करत करत २०१८ च्या जुलैत पक्की परवानगी दिली, मी तर त्याहून उशिरा मानलं. मन बदललं ते कन्नडच्या घाटात. चाळीसगावकडे उतरताना माझ्या पुढचा गडी अंगाने भरलेला, सारखा ब्रेक दाबून धरलेला. रबर रिमला घासून रिम तापली, आतली ट्यूब गरम होऊन वळणावरच फुटली. तो वाचला, कठड्यापाशी बसून पाणी प्यायला, पण रिमला हात लावला तेव्हा चटका बसला. डिस्कमध्ये ही उष्णता चाकाच्या मध्यावरच्या चकतीत राहते, टायरपर्यंत येत नाही. शिवाय चिखलातल्या बारीक रेतीने रिम झिजत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रबरी ब्रेक म्हणजे रिमला पॉलिश पेपर लावण्यासारखं.

डिस्कमध्ये दोन प्रकार आहेत, तारेचे आणि तेलाचे. ७० हजारांत तेलाचे मिळतील, तेच घ्या. तारेच्या नळीत आपली धूळ जाते आणि दोन महिन्यांत ब्रेक जड होतो. तेलाची नळी बंद असते. पण तेल कुठलं हे सायकल घेतानाच लिहून ठेवा. ब्रेक-गिअर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, शिमानो आणि स्राम. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रामच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट तेल, तेच जे मोटारसायकलला लागतं. डॉट हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. मिनरल शोषत नाही. घोळ होतो तो असा: ब्रेक ढिला पडतो, जवळ सायकलवाला नसतो, कोणी मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये नेतो, तिथला पोरगा जवळचं डॉट ओततो. मिनरलसाठी बनवलेले रबरी सील त्यात फुगतात आणि अख्खी लिव्हर जाते. म्हणून मी तुम्हाला मिनरलचा ब्रेक सुचवतो, आणि गॅरेजला न्यायची वेळ आलीच तर तेलाची छोटी बाटली स्वतःची घेऊन जा.

दुसऱ्याला नाव ठेवतोय असं नको, म्हणून माझ्याच दुकानातली गोष्ट. हाताखालच्या मुलाने चेनवर तेलाचा फवारा मारला, वारा मागच्या चकतीकडे होता. गिऱ्हाईक चौकापर्यंत गेलं आणि परत आलं, “ब्रेक लागतच नाही.” चकती स्पिरिटने पुसली, पॅड घासले, तापवूनही पाहिले. नाही म्हणजे नाही, शेवटी नवे पॅड माझ्या पदरचे घातले. तेव्हापासून डिस्कच्या सायकलीजवळ फवाऱ्याचा डबा नेत नाही. तुम्हीही नेऊ नका, थेंब थेंब टाकायची बाटली वापरा. टेम्पोतून नेताना चाक काढलंत तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाला, नाहीतर कोणीतरी गंमत म्हणून लिव्हर दाबतं आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

गिअरचं सांगतो. शिमानोने २०२३ साली क्यूज नावाचा संच आणला. रोजच्या सायकलींसाठी इतक्या वर्षांत मला पटलेली ही खरी सुधारणा. आधी दर काही वर्षांनी मागच्या चाकावर एक गिअर वाढायचा, तशी चेन आणि दाते बारीक व्हायचे आणि झिजायचे लवकर. क्यूजमध्ये दाते जाड ठेवलेत, कंपनी जुन्या पद्धतीच्या तिप्पट आयुष्य सांगते. तिप्पट मी अजून मोजलेलं नाही, पण धुळीत फरक दिसतो. ९ किंवा १० गिअरचा क्यूज घ्या, पुढे एकच चक्र असलं तरी चालेल. त्याचे सुटे भाग जुन्या संचांशी सरसकट जुळत नाहीत, तेव्हा “मिळेल तो डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लावतो” म्हणणाऱ्याला थांबवा. पालच्या चढणीला, आणि कधी तोरणमाळ मनात आलं तर त्यालाही, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढचे आणि मागचे दाते निदान सारखे हवेत. पुढे ३४ मागे ३४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, सव्वादोन मीटरच्या आसपास. मिनिटाला ६० फेरे मारलेत तरी ताशी ८ किलोमीटर. हळू वाटेल, पण तुमचे गुडघे आता ४२ वर्षांचे आहेत. मागे त्याहून मोठं चक्र मिळालं तर घ्याच.

चेनला मोटारीचं जुनं तेल लावायची आपल्याकडे रीत आहे. धूळ आणि तेल मिळून पाट्यावरचं वाटण होतं आणि दाते दळून काढतं. आता मेण लावतात. चेन पेट्रोल-रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडी करायची आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची, किंवा बाटलीतलं तयार पातळ मेण कडीकडीवर टाकून रात्रभर वाळू द्यायचं. वरून कोरडी राहते, धूळ बसत नाही, पँटही काळी होत नाही. पावसाळ्यात मात्र मेण धुऊन जातं आणि एका रात्रीत तांबेरा चढतो, म्हणून जून ते सप्टेंबर ओलं तेल (वेट ल्यूब), दसऱ्याला धुऊन पुन्हा मेण. चेन किती ताणली ते मोजायची पट्टी स्वस्त आहे. ९-१० गिअरची चेन ०.७५ टक्के झाली की बदला, नाहीतर कॅसेटही, म्हणजे मागच्या दात्यांच्या चक्रांचा संच, बरोबर जाईल.

इलेक्ट्रॉनिक गिअर २००९ पासून शर्यतीत आहेत, बिनतारी २०१५ पासून. सुरेख चालतात. पण तुम्हाला नकोत. मित्राच्या सायकलीतली बॅटरी पाच वर्षांची झाली आहे, बिघडली तर भाग पुण्या-मुंबईहून. कार्बनला आपलं ऊन काही करत नाही, ती भीती खोटी आहे. भीती आपटण्याची. आतली चीर वरून दिसत नाही, आणि वापरलेली फ्रेम कितीदा पडली हे मित्रही सांगू शकणार नाही.

एका नव्या फॅशनवर माझा राग आहे. हल्ली तारा आणि ब्रेकच्या नळ्या हॅन्डलमधून थेट चिमट्याच्या वरच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये घालतात. दिसायला गुळगुळीत. पण आपल्या धुळीत ते बेअरिंग वर्षा-दोन वर्षांत करकरतं, आणि दहा मिनिटांच्या कामासाठी ब्रेकच्या नळ्या कापून, तेल काढून, पुन्हा भरून अर्धा दिवस जातो. मजुरी मी घेतो, पण घेताना लाज वाटते. नळ्या फ्रेमच्या बाहेरून किंवा खालच्या दांडीत शिरलेल्या असतील अशी सायकल बघा. तसंच पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते मधलं बेअरिंग, म्हणजे बी.बी., आट्याचं हवं, ठोकून बसवलेलं नको. ठोकलेलं आपल्याकडे कुरकुरतं. बऱ्याच कंपन्या आता आट्यांकडे परत येताहेत, यातच काय ते आलं.

गिअरवर वाचवलेले पैसे दिव्यांवर घाला. मार्च ते जून इथे सायकल चालवायची तर पहाटे चारला निघून नऊच्या आत घरी, म्हणजे पहिले दीड-दोन तास अंधार. आमच्या लहानपणी दिवा नसला की चौकात पोलीस चाकातली हवा सोडायचे, म्हणून डायनामो लावायचा, चढावर तो बंद करायचा. आता पुढे ४०० ल्यूमेनच्या वरचा, यूएसबीवर चार्ज होणारा दिवा घ्या, मागे दोन लाल, एक हेल्मेटवर. मागचा दिवा आणि रडार एकत्र असलेलं यंत्रही मिळतं. मागून येणारी गाडी १४० मीटरवरून ओळखून हॅन्डलवर इशारा देतं. भुसावळ-जळगाव महामार्गावर ते सतत किणकिणत राहतं, निरुपयोगी. यावल-चोपड्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे मात्र ते मला मोलाचं वाटतं, कारण वाळूचे डंपर त्या वेळी बिनहॉर्नचे येतात. बजेट उरलं तरच.

वडिलांच्या ई-सायकलीचं. जरूर द्या, पण दोन गोष्टी बघून. कायद्याने मोटर २५० वॉटच्या आत, मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन लागत नाही. “४५ ने पळते आणि लायसन नको” असं कोणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय. दुसरी गोष्ट सेन्सर. स्वस्त सायकलीत पायडल फिरतंय एवढंच कळतं आणि मोटर एकदम झेप घेते. बांधावर वळताना म्हातारा माणूस त्यानेच पडतो. टॉर्क सेन्सर असेल तर पायाने जेवढा जोर लावाल तेवढीच मदत मिळते, जणू कोणी मागून पाठीला हात लावलाय. थोडी महाग पडेल, वडिलांसाठी तीच. ब्रेकची लिव्हर दाबली की मोटर लगेच बंद होते का, हे दुकानातच चाक उचलून बघा.

बॅटरी ३६ व्होल्टची, साडेसात-आठ अँपिअर-तासांची असली तरी शेत-घर-शेत आरामात होईल. मे महिन्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आणि उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका. लिथियमच्या बॅटऱ्यांना साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग वर्ज्य असतं आणि पत्र्याखाली तेवढं सकाळी अकरालाच होतं. काढून घरात आणा, माठाजवळच्या गार फरशीवर ठेवा, संध्याकाळी लावा. काढता न येणारी बॅटरी असेल ती सायकल घेऊच नका.

सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोणी जुन्या किमतीची चिठ्ठी दाखवली तर विचारा. पैसे असे वाटा: साठ हजारांपर्यंत सायकल, उरलेल्यात दिवे, हेल्मेट, पंप, सीलंट, आणि व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर. तुमच्या सायकलीचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीला बसत नाही, हा करंगळीच्या नखाएवढा तुकडा मध्ये लागतो. तो व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. खिशात ठेवलेले माझे चार हरवले आहेत.